मरुदेशांतील शरदारंभ आणि मेडत्याच्या दोन लढाया

मारवाडांतील मेडतें या गांवाजवळ मराठ्यांच्या फौजा राठोडांशीं दोनदां लढल्या. पहिली लढाई इ. स. १७५४ च्या सप्टेंबरच्या मध्यास झाली. तींत जयाप्पा शिंदे यांनीं जोधपूरच्या विजयसिंगाचा (मराठी पत्रांतील बिजेसिंगाचा) पराभव केला. दुसरी ता. १० सप्टेंबर १७९० रोजीं झाली. तींत महादजी शिंदे यांच्या फौजेनें, डी बॉयनच्या कवायती पलटणींच्या बळावर, त्याच विजयसिंगाच्या सैन्याची दाणादाण उडविली. दोहोंमध्यें छत्तीस वर्षांचें अंतर. परंतु तारखांमध्यें पुरतें आठवड्याचेंही नाहीं. पंचांग लावून पाहिलें असतां पहिली लढाई भाद्रपदाच्या कृष्णपक्षांत, म्हणजे पितृपक्षांत पडते, आणि दुसरी भाद्रपद शुद्ध पक्षाच्या अगदीं आरंभीं. दोन्ही वेळां दसरा अद्याप यावयाचा होता.

हा केवळ योगायोग आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. विचार करण्यास आम्ही प्रवृत्त कां झालों तेंही सांगितलें पाहिजे, कारण त्यांत आमची एक चूक गुंतलेली आहे. आम्हीं तेहतीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलें. रघुवंशाचा चौथा सर्ग लागला कीं रघूच्या दिग्विजयापाशीं थांबून आम्ही मुलांना सांगत असूं: शरद् ऋतु आला, नद्यांना उतार झाले, वाटांवरील चिखल वाळला, म्हणून राजा निघाला, आपल्या मराठ्यांचें सीमोल्लंघन दसऱ्यास होई, त्याचें कारणही हेंच, आणि हिंदुस्थानांतील सर्व जुन्या लष्करांचा हाच नियम होता. यांतील ‘सर्व’ हा शब्द आम्हीं कोठून आणला, तें आज सांगतां येत नाहीं. वर्षानुवर्षें तेंच वाक्य बोलल्यानें तें खरें वाटूं लागतें, हा शिक्षकी पेशाचा जुना रोग आहे.

आमचा एक विद्यार्थी पुढें सैन्यांत गेला आणि त्याची नेमणूक बाडमेरच्या बाजूस झाली. तेथून त्यानें आम्हांस पत्र लिहिलें. कुशल कळविल्यावर त्यानें विचारलें होतें, “गुरुजी, जेथें चिखल होतच नाहीं तेथें तो वाळण्याची वाट पाहण्याचें कारण काय? येथें भाद्रपदांतच वारा फिरतो, रात्रीं अंगावर पांघरूण घ्यावें लागतें, आणि गांवकरी म्हणतात कीं प्रवासाला याहून चांगले दिवस नाहींत. कारण सध्यां पाणी आहे.” पत्राचें उत्तर आम्हीं तेव्हां दिलें, तें गुळमुळीत होतें. खरें उत्तर सांपडण्यास पुढें अकरा वर्षें गेलीं.

प्रथम त्या प्रदेशाचें ऋतुमान पहावें. मरु आणि धन्व हे शब्द अमरकोशांत समानार्थी दिले आहेत. मरु शब्दाची व्युत्पत्ति टीकाकार मृ धातूपासून लावतात, म्हणजे जेथें प्राणी तहानेनें मरतात तो देश. जेसलमेरास वर्षाकांठीं सरासरी दोनशें मिलिमीटरही पाऊस पडत नाहीं. जोधपुरास सुमारें साडेतीनशें पडतो. आमच्या पुण्यास त्याच्या दुप्पट. हा पाऊस तिकडे पोंचतो जुलैच्या पहिल्या पंधरवड्यांत, आणि परततो सर्वांच्या आधीं. मोसमी पावसाची परतीची वाट पश्चिम राजस्थानापासून सुरू होते. हवामान खात्याच्या जुन्या कोष्टकांत या प्रारंभाची सरासरी तारीख १ सप्टेंबर अशी होती, २०२० मध्यें कोष्टकें सुधारलीं तेव्हां ती १७ सप्टेंबर करण्यांत आली. पुण्याकडील पाऊस त्यानंतरही तीनेक आठवडे रेंगाळतो. म्हणजे आपल्याकडे गणपति पावसांत भिजत असतात त्या सुमारास मारवाडांत आभाळ मोकळें होऊं लागलेलें असतें. आपण दसऱ्यास ज्या शरदाचें स्वागत करतों तो तिकडे महिनाभर आधींच दारांत उभा असतो.

या दिवसांतील मुख्य फरक वाऱ्याचा. ज्येष्ठ-आषाढांत नैर्ऋत्येकडून जोराचा वारा वाहतो, वाळू उडवितो, टेकड्यांचीं ठिकाणें बदलतो. भाद्रपदांत तो प्रथम मंदावतो आणि मग दिशा सोडतो. उत्तर-वायव्येकडील कोरडा वारा त्याची जागा घेतो. हवेंतील ओल नाहींशी होते. दुपारचें ऊन मात्र कमी होत नाहीं, उलट आभाळ निघाल्यानें थोडें चढतें. वैद्यकग्रंथांनीं शरद् हा पित्तप्रकोपाचा काळ सांगितला आहे तो उगीच नव्हे. परंतु सूर्य कलतांच वाळू आपली उष्णता भराभर टाकते, आणि पहिल्या प्रहराच्या आंत वारा गार लागूं लागतो. दिवस ग्रीष्माचा आणि रात्र हेमंताची, अशी ही जोड आहे. तिकडील कुणबी वाऱ्यांना नांवें देऊन ओळखतात. त्यांतील एकाचें नांव ‘नागौरण’, म्हणजे नागोरचा वारा. तो ऐन श्रावणांत सुटला तर पाऊस पळवून लावतो आणि शेतकऱ्यावर बैल विकण्याची पाळी आणतो असा समज आहे. नागोर शहराचें नांव पुढें या लेखांत दुसऱ्या कारणासाठीं यावयाचें आहे. तेव्हां वाचकांनीं हा वाराही ध्यानांत ठेवावा.

यास्कानें शरद् शब्दाच्या दोन व्युत्पत्ति दिल्या आहेत. एक, ज्या काळांत वनस्पति पक्व होतात तो. दुसरी, ज्या काळांत पाणी विखुरतें, विशीर्ण होतें तो. शिकवितांना आम्हांस ही दुसरी नेहमीं ओढून ताणून आणलेली वाटे. मारवाडांत ती अक्षरशः खरी आहे. तेथें पाणी वाहत नाहीं; आषाढ-श्रावणांत पडलेलें पाणी खळग्याखळग्यांत सांचून राहतें. गांवाच्या शिवारांतील लहान तळ्यास नाडी म्हणतात, जेसलमेरकडील उथळ तळ्यास टोबा, घराच्या अंगणांतील झांकलेल्या हौदास टांका. पाण्याच्याही जाति केल्या आहेत: आभाळांतून पडलेलें तें पालर पाणी, खोल विहिरींतील, बहुधा मचूळ वा खारट, तें वाकर, आणि वाळूखालच्या कठीण थरामुळें खालीं जाऊं न शकलेली ओल झिरपून मिळतें तें रेजाणी. पैकीं घोड्यांच्या पागेला एका वेळीं पुरेल असें पाणी फक्त पहिलें. दोनशें हात खोल विहिरींतून मोटेनें पाणी काढून दहा हजार घोडीं पाजणें हें कोणत्याही सरदाराच्या हातचें काम नव्हे. तळीं भरतात श्रावणांत, आणि लहान तळीं मार्गशीर्षाच्या पुढें टिकत नाहींत.

याच महिन्यांत बाजरी कापणीस येते. शेरशहानें १५४४ मध्यें सुमेलच्या लढाईनंतर मारवाडच्या बाजरीचा उल्लेख करून काढलेले उद्गार सर्वांस माहीत आहेत. ती बाजरी या शरदाचीच. मोठ, मूग, गवार यांचा चारा होतो. शिवाय शेताशेतांत मतीरा, म्हणजे तिकडचें कलिंगड, वाळूवर पडलेला असतो. तहानलेल्या वाटसरूस तो पाण्याचा घडाच. बिकानेर आणि नागोर यांच्या सरहद्दीवर एका मतीऱ्याचा वेल एका राज्यांत व फळ दुसऱ्या राज्यांत पडल्यावरून १६४४ च्या सुमारास दोन्ही राज्यांच्या फौजांत लढाई जुंपली, ती ‘मतीरे री राड’ म्हणून प्रसिद्ध आहे. या कथेस हंसणाऱ्यानें एकदां दुपारच्या वेळीं त्या सरहद्दीवरून पायीं चालून पहावें.

लोकांच्या चालीरीतींतही हाच हिशोब दिसतो. पोकरणजवळ रामदेवऱ्याची यात्रा भाद्रपद शुद्ध द्वितीयेपासून एकादशीपर्यंत भरते आणि लाखों माणसें त्यासाठीं दूरदुरून पायीं येतात. तेजाजीचा उत्सव भाद्रपद शुद्ध दशमीस. आपल्याकडे पंढरीची वारी पावसाच्या तोंडावर निघते; मारवाडची वारी पाऊस पडून गेल्यावर, वाटेवरील नाड्या भरल्या म्हणजे निघते. यात्रेकरूला जें पाणी लागतें तेंच शिपायालाही लागतें.

आतां शास्त्राकडे वळूं. कौटिलीय अर्थशास्त्राचा ग्रंथ १९०९ मध्यें शामशास्त्री यांनीं प्रसिद्ध केला, आणि पुढें मुंबई विद्यापीठानें १९६० पासून रा. प. कंगले यांची चिकित्सक आवृत्ति काढून मराठी अभ्यासकांची सोय केली. त्याच्या नवव्या अधिकरणाच्या पहिल्या अध्यायांत यात्राकाल सांगितला आहे. मोठ्या स्वारीस मार्गशीर्ष, मध्यम स्वारीस चैत्र, थोड्या दिवसांच्या स्वारीस ज्येष्ठ, अशी सामान्य व्यवस्था आहे. मार्गशीर्षाचें कारण धान्याचें: शत्रूचा जुना सांठा संपलेला आणि नवा अद्याप भरलेला नसतो. दसऱ्याचा तेथें संबंध नाहीं. मनुस्मृतीनेंही मार्गशीर्षच सांगितला आहे. तेव्हां ‘सर्व’ लष्करांचा नियम दसऱ्याचा, हें आमचें वाक्य शास्त्रावरूनच पडतें. पण तें राहो.

या सामान्य नियमानंतर कौटिल्य देशपरत्वें अपवाद सांगतो, आणि येथें दोन सूत्रें अशीं आहेत कीं तीं परस्परविरुद्ध भासावीं. एका सूत्राचा आशय असा कीं अति उष्ण, आणि जेथें चारा, सर्पण व पाणी अल्प आहे अशा देशावर हेमंतांत जावें. थोडें पुढें गेल्यावर दुसरें सूत्र येतें. त्याचा आशय असा कीं जेथें पाऊस व चिखल दोन्ही थोडे, अशा मरुप्राय देशावर पाऊस पडत असतांना चतुरंग सैन्यासह जावें. मरुप्राय देश हा अति उष्ण व अल्पोदक असतोच. मग तेथें हेमंतांत जावयाचें कीं पावसाळ्यांत?

आमच्या मतें विरोध नाहीं. दुसऱ्या सूत्रांतील महत्त्वाचा शब्द ‘चतुरंगबल’ हा आहे. त्याच्या लगेच मागें कौटिल्य हत्तींचा विचार करीत आहे: हत्तीस भरपूर पाणी न मिळाल्यास तो रोगी होतो, म्हणून पाणी असेल तेथें हत्ती न्यावे, नसेल तेथें गाढवें, उंट व घोडे यांवर भिस्त ठेवावी. त्या ओघांत मरुदेशाचें सूत्र येतें. अर्थात् सूत्रकारास म्हणावयाचें आहे तें असें: हलकें, उंटावर पाणी लादून नेणारें सैन्य असेल तर थंडीची वाट पहावी, कारण थंडींत तहान कमी लागते, परंतु सर्व अंगांनीं भरलेलें जड लष्कर वाळवंटांत न्यावयाचें असेल तर आभाळाचें पाणी जमिनीवर असेल तेव्हांच नेतां येतें. पहिला नियम पाणी बरोबर नेणाऱ्याचा, दुसरा पाणी वाटेवर शोधणाऱ्याचा.

पहिल्या प्रकाराचें उदाहरण गझनीच्या महमुदाचें. तो १०२५ च्या ऑक्टोबरांत गझनीहून निघाला, मुलतानास थांबून त्यानें हजारों उंटांवर पाणी लादलें, आणि वाळवंट ओलांडून १०२६ च्या जानेवारींत सोमनाथास पोंचला. त्यानें कौटिल्य वाचला नव्हता, पण उंटवाल्यांना विचारलें असावें. काळ आणि तयारी दोन्ही चुकल्याचें उदाहरण हुमायुनाचें. मालदेवाच्या आशेनें तो १५४२ मध्यें मारवाडांत आला. आशा फोल ठरतांच जेसलमेरच्या वाटेनें सिंधकडे परतला. ऑगस्टच्या उत्तरार्धांत अमरकोटास पोंचेपर्यंत त्याच्या लोकांचे पाण्यावांचून जे हाल झाले ते त्याची बहीण गुलबदन आणि पाण्याचा सेवक जौहर या दोघांच्याही लिखाणांत आले आहेत. वाटेवरील विहिरी बुजविलेल्या, तळ्यांवर पहारे बसलेले. पावसाळा चालू असूनही हे हाल झाले, याचा अर्थ एवढाच कीं तळ्यांत पाणी असणें पुरेसें नाहीं. तळें आपल्या ताब्यांत हवें. त्याच अमरकोटास, शरद् ऋतूंत, १५ ऑक्टोबर १५४२ रोजीं अकबराचा जन्म झाला.

आतां मेडत्याकडे येऊं. १७५४ मध्यें जयाप्पा मारवाडांत उतरले ते रामसिंग आणि विजयसिंग या चुलतभावांच्या गादीच्या तंट्यांत रामसिंगाची बाजू घेऊन. अजमेरच्या बाजूनें पश्चिमेस निघालें म्हणजे पुष्करच्या टेकड्या संपतांच वाळूचें मैदान लागतें आणि मेडतें हें त्यावरील पहिलें मोठें ठाणें. मोठें, याचें मुख्य कारण तेथील तलाव. भाद्रपदांत ते भरलेले असतात. लढाईनंतर विजयसिंग नागोरास पळाला, आणि जयाप्पांनीं आपला तळ नागोरजवळ ताऊसर येथील तलावापाशीं दिला. जागा निवडण्यांत काय पाहिलें गेलें हें यावरून उघड आहे. पुढें जुलै १७५५ मध्यें त्याच तळावर बोलणें करण्याच्या निमित्तानें आलेल्या मारेकऱ्यांनीं त्यांचा खून केला; दत्ताजी व जनकोजी यांनीं वेढा न उठवितां चालविला, आणि १७५६ च्या आरंभीं तह होऊन अजमेर मराठ्यांकडे आलें.

येथें एक सावधगिरी ठेवली पाहिजे. नागोरचा वेढा वर्षाहून अधिक लांबला. त्यांत हेमंत, ग्रीष्म, वर्षा सर्व ऋतु येऊन गेले. तेव्हां त्या वेढ्याचें यशापयश ऋतूच्या माथीं मारणें बरोबर होणार नाहीं. नागोरच्या किल्ल्यांत पाण्याची व्यवस्था उत्तम होती, आणि जयाप्पांच्या स्वभावांत माघार नव्हती, ही त्याचीं कारणें पुरेशीं आहेत. ऋतूनें उलगडते ती गोष्ट लहान आहे, पण निश्चित आहे: जड लष्कर वाळवंटांत शिरलें केव्हां.

१७९० ची हकीकत अधिक बोलकी आहे. ता. २० जूनला पाटणच्या लढाईत महादजींच्या फौजेनें इस्माईल बेग व त्याचे रजपूत मित्र यांचा मोड केला. तेथून मेडत्याच्या लढाईपर्यंत ब्याऐंशीं दिवस गेले. मध्यंतरीं अजमेरास वेढा पडला. विलंबाचीं कारणें अनेक. महादजींच्या लष्करांत पगाराची ओढ नेहमींचीच. परंतु जूनच्या अखेरीस, तळीं कोरडीं असतांना, पलटणी आणि तोफखाना घेऊन मारवाडांत शिरणें शक्यच नव्हतें, हें कारण इतिहासकारांनीं गृहीत धरल्यामुळें बहुधा लिहिलेलें नाहीं. वेढ्यास कांहीं फौज ठेवून उरलेलें सैन्य सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यांत पश्चिमेस वळलें. गोपाळराव रघुनाथ, जीवबादादा बक्षी, लखबादादा हे घोडदळाचे सरदार पुढें. डी बॉयनच्या पलटणी व तोफा मागें.

वाटेंत लुणी नदी आडवी येते. नांव लवण शब्दापासून आलेलें, कारण पुढें बालोतऱ्याच्या खालीं तिचें पाणी खारट होतें. वरच्या भागांत मात्र तें गोड असतें. ही नदी पावसाळ्यापुरतीच वाहते. आळणियावासजवळ तिच्या पात्रांत डी बॉयनच्या तोफा रुतल्या, असें टॉडनें लिहिलें आहे. शरदाच्या आरंभीं मरुदेशांत शिरण्याची ही किंमत होय: ज्या पाण्यासाठीं हा महिना निवडावयाचा त्याच पाण्यानें भिजलेली वाळू तोफांचे गाडे गिळते. आम्ही रघुवंशावरून जो चिखल शिकवीत होतों तो येथें अखेर भेटला, पण उलट्या न्यायानें. तो वाळण्याची वाट पाहिली असती तर पाणीही वाळलें असतें.

घोडदळ पुढें आणि तोफा रुतलेल्या, ही संधि साधून राठोडांनीं हल्ला केला असता तर निकाल कदाचित् निराळा लागता. टॉड सांगतो कीं सरदारांची तशी इच्छा होती, परंतु इस्माईल बेग येऊन मिळेपर्यंत थांबावें असा कारभाऱ्यांचा हुकूम होता. वाट पाहण्यांत दिवस गेले, तोफा निघाल्या, आणि १० सप्टेंबरच्या पहाटे डी बॉयननें झोंपलेल्या छावणीवर मारा सुरू केला. गाढ झोंपेचा दोष टॉड अफूस देतो. त्यांतला थोडा दोष त्या पहाटवाऱ्यासही द्यावा, असें त्या प्रदेशांत शरदांतील एक पहाट काढल्यावर आम्हांस वाटतें. छावणी मोडली, तेव्हां आऊवा व आसोप येथील ठाकुरांनीं निवडक स्वार, टॉडच्या मतें चार हजार, एकत्र करून पलटणींवर घोडे घातले. पलटणींनीं पोकळ चौकोन करून तो हल्ला झेलला. परत फिरून जाण्याचा विचार न करतां ते पुनःपुन्हां आले आणि बहुतेक तेथेंच पडले. आमच्या फौजेचा जय झाला हें खरें. पण त्या सकाळीं वर्णन करण्यासारखें शौर्य दुसऱ्या बाजूस होतें, आणि मराठी इतिहासलेखकानें तें मोकळ्या मनानें लिहावें.

तो दिवस भाद्रपद शुद्ध प्रतिपदा-द्वितीयेच्या सुमाराचा. म्हणजे ज्या तिथीस रामदेवऱ्याची यात्रा सुरू होते तिच्याच आगेमागें, मारवाडच्या वाटांवर यात्रेकरू चालत असतांना, ही लढाई झाली. दोघांनाही एकाच पाण्यानें रस्त्यावर आणलें होतें.

एक आक्षेप संभवतो. शिंद्यांच्या फौजा या वेळीं उत्तरेंतच होत्या. पुण्याहून निघावयाचें नसल्यामुळें दसऱ्याचा प्रश्नच नव्हता, मग ऋतूचा विचार आणतां कशाला? आक्षेपाचा पूर्वार्ध आम्हांस मान्य आहे, इतकेंच नव्हे तर तो आमच्या बाजूचा आहे. दसऱ्याचें सीमोल्लंघन हा घरून निघणाऱ्याचा नियम. कृष्णा, भीमा, नीरा यांचे पूर ओसरल्यावांचून देशावरची फौज हालूं शकत नसे. काळ्या जमिनीचा आणि पुराच्या नद्यांचा तो नियम आहे. मरुदेशाचा नियम तेथील वाऱ्यानें आणि तळ्यांनीं ठरविला. उत्तरेंत मुरलेल्या सरदारांनीं देशावरचा नियम तिकडे नेला नाहीं, ही त्यांची समज आम्हांस आमच्या शिकवणीपेक्षां मोठी वाटते.

गेल्या आश्विनांत आम्ही स्वतः मेडतें व नागोर पाहून आलों. या वयांत एवढा प्रवास कां, असें घरांत विचारलें गेलें; उत्तर देणें कठीण होतें. ताऊसर येथें जयाप्पांची छत्री आहे. दुपारीं तेथें उभें राहवेना. एका खेजडीच्या सावलींत बसलों. खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्यास आपण जिच्या नांवानें आपट्याची पानें वाटतों ती खरी शमी तेथें बांधाबांधावर उभी आहे, आणि तिकडे दसऱ्यास तिचीच पूजा होते. शेजारीं शेळ्या राखीत बसलेल्या एका वृद्धानें “माडसाब, सूर्य कलूं द्या” एवढेंच सांगितलें. मारवाडी पूर्ण कळत नव्हती, तरी एवढें कळलें. सूर्य कलला आणि उत्तरेकडून वारा आला. प्रथम शेळ्यांनीं तोंडें फिरविलीं, मग कापलेल्या बाजरीचीं धाटें वाजूं लागलीं, आणि तासाभरांत आम्हीं पिशवींतून शाल काढली. वृद्धास आम्हीं विचारलें कीं हा वारा केव्हांपासून सुरू झाला. तो म्हणाला, तेजाजीच्या मेळ्यापासून. आणि तळ्याकडे बोट दाखवून त्यानें पुढें जोडलें कीं तळें त्या वेळीं या दगडापर्यंत होतें. दगड पाण्यापासून आतां पंधरा-वीस पावलें दूर होता. महिनाभरांत वारा आणि ऊन यांनीं तेवढें पाणी नेलें होतें. त्या पंधरा-वीस पावलांत आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर होतें.

त्यास आम्हीं तें सविस्तर लिहून कळविलें आहे. आतां उरली ती दुरुस्ती. रघुवंशाच्या चौथ्या सर्गावर आम्हीं विद्यार्थ्यांसाठीं काढलेलीं चक्रमुद्रित टिपणें अजून कांहीं जणांकडे असतील. त्यांतील ‘हिंदुस्थानांतील सर्व जुन्या लष्करांचा हाच नियम होता’ हें वाक्य त्यांनीं खोडावें, आणि त्या जागीं ‘देशावरील लष्करांचा’ असें घालावें.